बिनगव्हाचं स्वयंपाकघर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरातून गहू पूर्णपणे गेला, त्याला आता बरेच महिने झाले. कारण वैद्यकीय आहे: मुलीला सीलिअॅकचं निदान झालं. या आजारात गहू किंवा जव यांतलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिकटपणा देणारं प्रथिन, पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्तातलं लोह कमी पडतं, मुलांची उंची-वजन अडतं. यावर गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभर बंद, हाच उपाय. एका घरात दोन स्वयंपाक चालवण्यापेक्षा सगळ्यांचाच गहू थांबवला आणि तेच सोयीचं पडलं.

ज्यांना नुसती शंका आहे त्यांनी आधी तपासणी करावी, गहू नंतर सोडावा. टीटीजी-आयजीए ही या आजारातली प्रतिपिंडं मोजणारी रक्तचाचणी, तिच्या जोडीला एकूण आयजीए (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार), आणि डॉक्टरांनी सांगितल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा, असा क्रम असतो. गहू आधीच बंद केला तर प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून येऊ लागतं आणि आजार असूनही अहवाल नॉर्मल येतो. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खायची वेळ येते. आई-वडील आणि सख्ख्या भावंडांनीही चाचणी करून घ्यावी, कारण आजार रक्ताच्या नात्यात चालतो आणि लक्षणांवाचूनही असू शकतो.

आता मुद्द्याचं. भात, भाकरी, पोहे, थालीपीठ, घावन, आंबोळी हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच आहे, त्यामुळे ताटातून पोळी काढणं फार जड जात नाही. जड जातं ते पिठाची धूळ काढणं. भारतात ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा आहे. गव्हाच्या पिठात साधारण १० टक्के ग्लुटेन धरलं, तर किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी ती मर्यादा ओलांडली जाते. पाव ग्रॅम म्हणजे चिमूट. गिरणीच्या दगडांत, कापडी पिशवीत आणि खालच्या डब्यात याच्या कितीतरी पट पीठ अडकलेलं असतं. म्हणून ‘ज्वारीवर ज्वारी दळा’ असं गिरणीवाल्याला सांगून भागत नाही. आधीचा घाणा ज्वारीचा असला तरी त्याच्या आधीचा गव्हाचा असतो. दुकानातलं सुटं बेसन, तांदळाची पिठी आणि नाचणीचं पीठ यांचीही हीच गत.

यावर खात्रीचा तोडगा घरघंटी. एक हॉर्सपॉवरच्या मोटरची चारजणांच्या कुटुंबाला पुरते. विकत घ्यायची तर नवीनच, आणि तिच्यात गहू कधीच घालायचा नाही, पाहुण्यांसाठीही नाही. भाकरीला बारीक जाळी, थालीपिठाच्या भाजणीला एक घर जाड, इडली रव्याला त्याहून जाड. तांदूळ धुऊन वाळवला असेल तर दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. ओल राहिली की जाळी चोंदते, मोटर तापते आणि पीठ गरम, चिकट येतं. तीळ, शेंगदाणे घालू नयेत, तेलाने जाळी बुजते. धान्य आणल्यावर ताटात पसरून हाताने निवडणं सोडू नका, कारण ज्वारीत आणि डाळीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात.

दुसरी मोठी चोरवाट म्हणजे हिंग. बाजारातला बहुतेक हिंग बांधणीचा असतो: हिंगाचा चीक, डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ. खडा आहे म्हणजे शुद्ध आहे असं मुळीच नाही. पाठीमागचे घटक वाचून तांदळाच्या पिठाचा, ग्लुटेन-फ्री लिहिलेलाच घ्यावा. एवढं करून थांबलात तर अर्धंच काम होतं, कारण तोच हिंग विकतच्या गोड्या मसाल्यात, लोणच्यात, पापडात आणि फरसाणात असतो. मेतकुटात गहू असतो. सातूच्या पिठात असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी घालतात. कुरड्या गव्हाच्या चिकाच्याच. लापशी, शेवया, रवा ही नावं वेगळी असली तरी धान्य गहूच. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो, सोया सॉसमध्ये बहुधा गहू, आणि साधे ओट्स शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाच्या संगतीत असतात. खपली चालते का, हे वारंवार विचारलं जातं. चालत नाही. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, आणि ‘जुनं देशी वाण’ म्हणून ती सीलिअॅकच्या मुलांना देणं धोक्याचं आहे.

भांड्यांपैकी लाकडी पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी आणि जुना बिडाचा तवा बदलावा. चाळणीच्या जाळीतलं पीठ घासून निघत नाही, लाकडाच्या चिरांतलं तर नाहीच. स्टीलची परात, पातेली, कुकर नीट घासले की चालतात. तळणीचं तेल वेगळं. ज्यात समोसा किंवा पुरी तळली त्यात वडा तळायचा नाही.

भाकरीबद्दल थोडं सविस्तर, कारण बरीच घरं इथेच हात टेकतात. ज्वारी मालदांडी किंवा शाळू घ्यावी. पावसाळी हायब्रीड ज्वारीची भाकरी चवीला आणि थापायला उणीच. पीठ आठवड्याचंच दळावं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना कडा फाटतात. बाजरी तर चार-पाच दिवसांपुरतीच, कारण तिच्यातल्या तेलामुळे पीठ लवकर कडू होतं. भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ, म्हणजे आठ भाकऱ्यांना अर्धा किलो. वाटीभर पिठाला पाऊण वाटी कढत पाणी, तेही एकदम न ओतता. तळहाताच्या टाचेने एकेका भाकरीचं पीठ दोन-तीन मिनिटं रगडून मळावं. सगळं एकदम मळून ठेवलं तर शेवटचे गोळे सुकून तडकतात. कोरडं पीठ लागलेली बाजू वर येईल अशी तव्यावर टाकून लगेच पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं की उलटायची; पूर्ण सुकू दिलं की भेगा पडतात आणि फुगण्याआधीच वाफ निसटते. दुसरी बाजू नीट भाजून मग जाळावर.

थापायची सवय नसेल तर उकड काढा. एक वाटी पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळी आली की एक वाटी पीठ घाला, ढवळा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. कोमट असताना मळून लाटता येते. ग्लुटेन नसल्यामुळे पीठ धरून ठेवणारं काही नसतं. ते काम इथे शिजलेला स्टार्च करतो. वाटीमागे छोटा चमचा इसबगोल घातला तर पातळही लाटली जाते.

डब्याचा प्रश्न वेगळा. भाकरी गार झाली की स्टार्च घट्ट होतो आणि दुपारपर्यंत ती कडक, म्हणून डब्यात उकडीची किंवा घावन, मुगाचं धिरडं, इडली, दही घालून केलेलं थालीपीठ. गव्हाशिवायच्या भाजणीचं आमचं प्रमाण: ज्वारी २ वाट्या, बाजरी १, तांदूळ १, हरभरा डाळ अर्धी, उडीद डाळ पाव, धने पाव वाटी, जिरे दोन चमचे, सगळं वेगवेगळं भाजून. उडीद कमी केला तर थालीपीठ मोडतं.

सणांचं फारसं अडत नाही. अनारसे, उकडीचे मोदक, पातोळे, चकली, बेसनाचे लाडू चालतात. घारगे तांदळाच्या पिठात उत्तम होतात. पुरणपोळीला मात्र तोडीचा पर्याय सापडला नाही. तांदळाच्या आवरणाची पोळी चवीला बरी लागते, पण लाटताना फाटते आणि गार झाली की चिवट होते. आम्ही पुरण तुपाबरोबर वाटीतच वाढतो.

विकतच्या ग्लुटेन-फ्री ब्रेड-बिस्किटांबद्दल आमचं मत चांगलं नाही. महाग असतात, आणि बरेचसे टॅपिओका, मक्याचा स्टार्च आणि साखर यांवर उभे असतात. वाढदिवसाला आणि प्रवासाला ठीक. गव्हाच्या जागी पांढरा भात आणि साबुदाणा आला तर तंतू कमी पडून बद्धकोष्ठ होतं, हे अनेकांच्या बाबतीत घडतं. ज्वारी, बाजरी, नाचणी आलटून पालटून ठेवावी. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि आतडं दुखावलेल्या मुलांना ते हवंच असतं. सुरुवातीला दूध सोसत नसेल तर घाबरू नये. अस्तर भरून आलं की बहुतेकांना पुन्हा पचतं.

मुलीची भूक आणि उत्साह काही आठवड्यांत बदलला, पोटफुगी गेली, वजन त्यानंतर हळूहळू वाढलं. ज्यांना आजार नाही त्या आम्हा मोठ्यांमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. पोट थोडं हलकं वाटतं, पण बिस्किटं आणि बेकरीचे पदार्थ बंद झाले, त्याचाही वाटा असणार. वजन किंवा साखर आटोक्यात यावी म्हणून गहू सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: भाकरीतही पिष्टमय भाग पोळीइतकाच असतो, त्यामुळे किती खाल्ली याला महत्त्व आहे.

बाहेर खाताना डोसा मागितला तर रवा डोसा त्याच तव्यावर होतो का, सांबारात कुठला हिंग, रस्सा दाट करायला मैदा घालतात का, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर डळमळीत असेल तर दही-भात घ्यावा. औषधांच्या गोळ्यांत स्टार्च कशाचा आहे तेही दुकानदाराकडून तपासून घ्यावं. टीटीजी साधारण सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा करतात. आकडा उतरत नसेल तर आधी गिरणी, हिंग आणि शाळेतला डबा या तीन जागा तपासा.