"अंगठा लागत नाही मावशी, परत लावा"

ठाणे पूर्वेला, कोपरीच्या बाजूला स्टेशनबाहेर मी संध्याकाळी पाच ते साडेनऊ बसते. निवडलेली मेथी, मोडलेली गवार, खवलेला नारळ, मोड आलेली मटकी आणि मूग, श्रावणात सोललेले कडवे वाल. ऑफिसातून सुटलेल्या बायका गाडीतून उतरतात, पिशवी उचलतात, क्यूआरवर पैसे टाकतात आणि रिक्षाच्या रांगेकडे पळतात. अकरा वर्षं हेच काम करते आहे. २०२३ च्या ऑगस्टअखेर माझ्या खात्यातून २९,५०० रुपये गेले. कसे गेले ते सगळं लिहिते आहे, कारण गेल्या आठवड्यात आमच्याच रांगेत तसंच अंगठ्याचं यंत्र घेऊन एक मुलगा परत फिरत होता.

आमच्या धंद्याला भांडवल फार लागत नाही, पण जे लागतं ते रोज पहाटे रोख लागतं. वाशी मार्केटला नारळाची गोणी उचलायची तर तिथे उधारी चालत नाही. म्हणून आमच्या रांगेतल्या निम्म्या बायका डेलीवाल्याकडून, म्हणजे रोज वसुली करणाऱ्या सावकाराकडून, पैसे घ्यायच्या. हातात नऊ हजार मिळतात आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये द्यायचे. ऐकताना हजारच रुपये व्याज वाटतं. पण मुद्दल रोज फिटत असतं, म्हणजे सरासरी साडेचार हजारच आपल्याकडे असतात आणि त्यावर सव्वातीन महिन्यांत हजार रुपये जातात. वर्षाचा हिशोब मांडला तर व्याज ऐंशी टक्क्यांच्या वर जातं. हा हिशोब माझ्या मुलीने करून दाखवला तेव्हा मी त्या माणसाचं देणं फेडलं आणि परत त्याच्याकडे गेले नाही.

त्याच सुमारास स्वनिधी योजना आली. करोनाच्या टाळेबंदीत फेरीवाल्यांचं भांडवल खाऊन संपलं होतं, म्हणून केंद्र सरकारने १ जून २०२० ला ती सुरू केली. विनातारण पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं, बारा हप्त्यांत फेडायचं. हप्ते वेळेवर भरले तर व्याजात सात टक्के सवलत खात्यात जमा होते. मी महापालिकेचं शिफारसपत्र काढून २०२१ मध्ये ते कर्ज घेतलं आणि एकही हप्ता चुकवला नाही. हप्ता नऊशेच्या आसपास होता. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे.

२०२३ ला अधिक श्रावण होता. जुलैपासून पार सप्टेंबरच्या मध्यापर्यंत श्रावण चालला. आमच्याकडे हा सुगीचा काळ असतो. उपासवाल्यांना खोबरं लागतं, बिरड्याला वाल लागतात, त्यानंतर गणपती आणि ऋषीपंचमीची भाजी. जितका माल भरावा तितका जातो, फक्त हातात पैसा हवा. नेमका त्याच ऑगस्टमध्ये माझा भिशीचा नंबर लागला. दहा जणी, महिना तीन हजार, माझा नंबर तिसरा. तीस हजार आले ते घरात नकोत म्हणून मी बँकेत टाकले. गणपतीच्या आधी चौघी मिळून टेम्पो करायचा आणि वाशीहून माल आणायचा असं ठरलं होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी तो आला. पंचविशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात टॅब. बोलायला गोड. माझ्या टोपलीला लावलेला क्यूआर बघून म्हणाला, "मावशी, स्वनिधीचा पहिला लोन नील झाला ना तुमचा? मग आता थेट पन्नास हजार बसतात. आजच फाईल टाकतो." त्याला माझं कर्ज फिटल्याचं ठाऊक आहे, म्हणजे तो बँकेचाच असणार, असं मी धरून चालले. आता कळतं की त्याला काहीच ठाऊक नव्हतं. कोपरीत बसणाऱ्या कुणालाही त्याने हाच प्रश्न विचारला असता आणि निम्म्या जणींनी होच म्हटलं असतं.

इथे मला एक गोष्ट माहीत असती तर मी तिथेच वाचले असते. या योजनेत पायरी ओलांडता येत नाही. तेव्हा पहिलं दहा, ते फिटलं की दुसरं वीस आणि तेही फिटलं की मगच पन्नास. दहावरून थेट पन्नासवर कुणीच नेऊ शकत नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने रकमा वाढवल्या, पहिलं १५,०००, दुसरं २५,०००, तिसरं ५०,०००, आणि योजना मार्च २०३० पर्यंत लांबवली. पायऱ्या मात्र तशाच आहेत. हे बँकेत विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पण बँक दुपारी उघडी असते आणि तेव्हा मी मेथी निवडत असते.

त्याने दीड हजार फाईल चार्ज रोख घेतला. आधारचा फोटो काढला. खातं कुठल्या बँकेत आहे विचारलं, मी पासबुक काढून दाखवलं. मग पिशवीतून आगपेटीएवढं काळं यंत्र काढलं, ज्याच्या काचेखाली लाल दिवा लागतो. "केवायसी आहे, अंगठा ठेवा." मी ठेवला. त्याने टॅबकडे बघितलं, मान हलवली. "लागत नाही मावशी, परत लावा." मी पदराला अंगठा पुसून परत ठेवला. परत तेच, मग तिसऱ्यांदा.

माझा अंगठा रेशनच्या दुकानातही लवकर लागत नाही. विळीवर नारळ खवून आणि वालाची सालं काढून बोटांच्या रेघा झिजल्या आहेत, श्रावणात तर अंगठ्याला चिरा पडतात. त्यामुळे तो जेव्हा लागत नाही म्हणाला तेव्हा मला शंका यायचं कारणच नव्हतं, उलट मलाच ओशाळं वाटलं. "बुधवारी दुसरं मशीन घेऊन येतो," म्हणाला. बुधवारी नारळी पौर्णिमा होती. माझ्यापुढे खोबऱ्यासाठी बायका खोळंबल्या होत्या, हात ओले होते. त्याने बाजूने यंत्र पुढे केलं, मी न बघता अंगठा टेकवला आणि पुढचा नारळ हातात घेतला.

माल भरायचा म्हणून ११ सप्टेंबरला पैसे काढायला गेले. खिडकीवरच्या मुलीने पासबुक छापून दिलं. तीस हजार सहाशेचाळीसच्या खाली तीन ओळी होत्या: दहा हजार, दहा हजार, नऊ हजार पाचशे. शेवटी शिल्लक ११४० रुपये. मी ते पासबुक धरून काउंटरसमोरच खाली बसले.

हे कसं होतं ते तिथल्या एका साहेबांनी समजावलं. आधारवर पैसे काढायची सोय आहे, तिला एईपीएस म्हणतात. खेड्यात जिथे बँक नाही तिथल्या माणसाला दुकानातून पैसे मिळावेत म्हणून ती केलेली आहे आणि त्या कामाला ती चांगलीच आहे. त्यात तीनच गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा. पिन लागत नाही, ओटीपी येत नाही. त्याच यंत्रावर शिल्लकही बघता येते. म्हणजे माझा पहिला अंगठा लागला होता आणि त्यात त्याने शिल्लक बघितली. दुसरा, तिसरा आणि बुधवारचाही लागला होता. तो टॅबकडे बघून मान हलवत होता तेव्हा माझे पैसे जात होते.

मेसेज का आला नाही? खात्याला जोडलेला नंबर माझा जुना होता, ते सिम दोन वर्षांपूर्वीच बंद झालेलं. बँकेने मेसेज पाठवले होते, ते कुणालाच पोचले नाहीत.

त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पोलिसांत तक्रार दिली. बारा दिवसांनी तक्रार केल्यावर पैसे पुढच्या खात्यात अडवायला राहिलेलेच नव्हते. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक लागू होतं. त्यात चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या कुणी फसवलं आहे, अशा वेळी बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर नुकसानीचा भार येत नसे. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंतचा भार येत असे. त्यापुढे ज्या त्या बँकेचं धोरण. माझ्या बँकेचं म्हणणं, अंगठा तुमचाच आहे, तुम्ही स्वतः दिलात. माझं म्हणणं, मी तो केवायसीला दिला, पैसे काढायला नाही. तीस दिवसांत समाधान झालं नाही म्हणून मुलीने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला. पैसे मिळाले नाहीत. भिशीचे उरलेले सात हप्ते मी मार्चपर्यंत भरले, दर महिन्याला तीन हजार, नसलेल्या पैशांचे. त्या वर्षी गणपतीचा माल इतर तिघींनी भरला.

आता माझ्या आधारचा अंगठा बंद ठेवलेला असतो. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक म्हणून आहे, त्याला पैसे पडत नाहीत. रेशनच्या दिवशी मुलगी तो तात्पुरता उघडून देते. दुसरं कर्ज, वीस हजारांचं, मी २०२४ ला घेतलं. दुपारचं काम बुडवून बँकेत गेले आणि तिथल्या माणसाच्या समोर बसून अर्ज भरला. कुणाला एक रुपया दिला नाही. अठरा हप्ते फिटले, तिसऱ्याचा अर्ज केला आहे.

गेल्या आठवड्यातल्या त्या मुलाला मी विचारलं, "कुठल्या शाखेचा? चल, उद्या अकराला शाखेतच भेटू." तो हसून निघून गेला. पण त्याआधी फुलवाल्या काकूंचा अंगठा त्याने दोनदा घेतला होता. काकू म्हणतात, माझ्या खात्यात आहेच काय. त्यांच्या खात्यात विधवा पेन्शन येते आणि खात्याला नंबर गावच्या नातवाचा आहे. उद्या गजरे ओवायचं काम माझ्या मुलीकडे देऊन मी काकूंना घेऊन बँकेत चालले आहे.