अंकी पेजर की अक्षरी पेजर?

पेजर निवडताना खरा प्रश्न असतो तो केवळ आकडे दाखवणारे यंत्र घ्यायचे की अक्षरे दाखवणारे, हा. सुरुवातीची मांडणी दोन्हींची जवळपास सारखीच आहे: बॅटरी बसवायची, घड्याळ लावायचे, सूचना आवाजाने हवी की कंपनाने ते ठरवायचे आणि पेजरचा कॅप कोड, म्हणजे त्या यंत्राची ओळख पटवणारा क्रमांक, सेवा देणाऱ्याकडील नोंदीशी जुळतो याची खात्री करून घ्यायची, हा कोड चुकला, तर नवी बॅटरी घातलेले यंत्रही मुकेच राहते.

फरक पडतो तो संदेश पाठवणाऱ्याला. अंकी पेजरसाठी टोन देणारा साधा फोन पुरतो: पेजरचा क्रमांक लावावा, टोन ऐकू आला की ज्या क्रमांकावर उलट फोन हवा तो दाबावा आणि शेवटी हॅशची कळ दाबावी. अक्षरी संदेशासाठी मात्र तो टाइप करून देणारा ऑपरेटर किंवा संगणक लागतो. पॉकसॅग या पेजरकडे रेडिओने संदेश धाडण्याच्या पद्धतीत अंक ४ बिटांत जातो, अक्षराला ७ बिट लागतात.

अक्षरी पेजर बोलावण्याचे कारणही सांगतो, हे त्याचे मोठे बळ आहे. तरीही ज्यांना केवळ तातडीने बोलावले जाते, त्यांना मी अंकी पेजरच सुचवेन. मात्र क्रमांकापाठोपाठ दाबायचे संकेत आधी ठरवून कागदावर उतरवलेले असावेत, जसे १ म्हणजे सवडीने आणि ९ म्हणजे लगेच. अनेक सेवांत स्टारच्या कळीने आडवी रेघ उमटते, त्यामुळे हा संकेत क्रमांकात मिसळत नाही. एकमार्गी पेजरवर, तो कोणताही असो, संदेशाची पोच मिळत नाही. ठरलेल्या वेळेत उलट फोन आला नाही, तर पुन्हा पेज करावे.