कंदमुळांची पेटी उत्तम, सोबतचे माहितीपत्रक सदोष

रजोनिवृत्तीच्या काळातील स्त्रियांसाठी खास म्हणून विकली जाणारी कंदमुळांची साप्ताहिक पेटी मी गेले १४ आठवडे घरी मागवत आहे. पेटी साधारण ४ किलोची असते. तिच्यात गाजर, बीट, रताळी, मुळा आणि सलगम दर वेळी असतात, सुरण आणि कोनफळ आलटून पालटून येतात, आणि सर्वांत वर एक रंगीत माहितीपत्रक ठेवलेले असते. मी ही सेवा सुरू केली तेव्हा पाळी अनियमित होऊन दीड वर्ष झाले होते, रात्री दोन-तीनदा अंगाची लाही होऊन जाग येत होती, पोट साफ होत नव्हते आणि रक्तदाब हळूहळू वर सरकू लागला होता. भाजीबद्दल मी जवळजवळ पूर्ण समाधानी आहे. माहितीपत्रकाबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे आणि ती सविस्तर मांडणे मला गरजेचे वाटते, कारण ते पत्रक वाचूनच अनेक जणी ही पेटी घेत असणार.

आधी भाजीविषयी. कंद न धुता, अंगावरच्या मातीसकट येतात आणि मला तेच पसंत आहे, कारण धुतलेला कंद लवकर मऊ पडतो. गाजर मोडले की कट्कन आवाज येतो, मुळा एकदाही आतून पोकळ निघाला नाही, आणि बिटाला दोन बोटे देठ ठेवलेला असल्यामुळे उकडताना त्याचा रंग पाण्यात उतरत नाही. एकाच पेटीत दोन रताळी काळी पडलेली आणि कडवट वासाची निघाली. अशा रताळ्याचा खराब भाग कापून उरलेले खाऊ नये, ते टाकूनच द्यावे. कळवल्यावर पुढच्या पेटीत तेवढी रताळी जास्तीची आली. मुळा आणि सलगम पाल्यासह पाठवतात, ही या सेवेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे, कारण १०० ग्रॅम सलगमाच्या कंदात जेमतेम ३० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पाल्यात सुमारे १९० मिलिग्रॅम असते. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक उतरू लागल्यावर हाडांची झीज वेगाने होते, तेव्हा हाडांच्या दृष्टीने कंदापेक्षा पाला अधिक मोलाचा ठरतो. पत्रकात पाल्याचा उल्लेखही नाही.

पहिला फरक पडला तो पोटाला. १५० ग्रॅम गाजर, १०० ग्रॅम बीट आणि १५० ग्रॅम रताळे एवढे दिवसभरात खाल्ले तर साडेअकरा ग्रॅमच्या आसपास तंतू (फायबर) पोटात जातात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण दिवसाला किमान २५ ग्रॅम आहे. म्हणजे जवळजवळ निम्मा वाटा या तीन कंदांनीच उचलला. तिसऱ्या आठवड्यापासून माझी बद्धकोष्ठतेची तक्रार थांबली, आणि जेवणानंतर तासाभरात काहीतरी तोंडात टाकण्याची इच्छाही कमी झाली. रजोनिवृत्तीच्या सुमारास रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढू लागते आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. अशा वेळी तळलेल्या किंवा मैद्याच्या पदार्थाची जागा उकडलेल्या कंदाने घेतली तर तो बदल लहान वाटला तरी रोजचा असतो, आणि मला या पेटीचा खरा उपयोग तिथेच दिसतो.

बिटाचे काम वेगळ्या वाटेने चालते. त्यातील नायट्रेटचे रूपांतर जिभेवरचे जिवाणू नायट्राइटमध्ये करतात आणि त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते, ज्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात. इस्ट्रोजेनही रक्तवाहिन्यांना असाच हात देत असते आणि या वयात तो आधार कमी होतो, म्हणून रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये बिटाच्या रसाचा अभ्यास होतो आहे. मात्र जंतुनाशक औषधाने खळखळून गुळण्या केल्या तर तेच जिवाणू मरतात आणि बिटाचा हा परिणाम घटतो. मी जेवणानंतर अशा गुळण्या करत असे, त्या दंतवैद्यांना विचारून बंद केल्या. बीट खाल्ल्यावर काही जणींना लघवीला लालसर छटा येते, ती निरुपद्रवी असते. पण पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यावर अंतर्वस्त्रावर रक्ताचा डाग दिसला तर त्याचा दोष बिटावर टाकून स्वस्थ बसू नये, ताबडतोब तपासणी करून घ्यावी. ही सूचना पत्रकात ठळक अक्षरांत असायला हवी होती.

आता पत्रकाकडे वळते. त्यात लिहिले आहे की ‘याम’ या कंदात प्रोजेस्टेरॉन हे स्त्रीसंप्रेरक नैसर्गिकरीत्या असते आणि तो नियमित खाल्ल्याने संप्रेरकांचा तोल सावरतो. शेजारी छायाचित्र रताळ्याचे आहे. घोटाळा इथूनच सुरू होतो. इंग्रजी बोलणाऱ्या काही देशांत नारिंगी रताळ्यालाही याम म्हणतात, परंतु रताळे हे गारवेलीच्या कुळातले, तर खरा याम म्हणजे डायोस्कोरिया वर्गातला कंद, ज्यात आपले कोनफळ येते. सुरण तर या दोघांच्याही कुळातले नाही, ते अळूच्या कुळातले आहे.

प्रोजेस्टेरॉनच्या दाव्यामागे इतिहासाचा एक खरा धागा आहे आणि तोच अर्धवट सांगितल्यामुळे दिशाभूल होते. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील जंगली डायोस्कोरियाच्या कंदातून डायोसजेनिन नावाचे द्रव्य वेगळे काढून त्यापासून प्रोजेस्टेरॉन तयार केले. १९४४ मध्ये मेक्सिकोतच सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली आणि स्वस्तात संप्रेरके बनवण्याचा मार्ग खुला झाला. पण डायोसजेनिनचे प्रोजेस्टेरॉन झाले ते प्रयोगशाळेत, एकामागून एक रासायनिक प्रक्रिया करून. हे रूपांतर घडवणारे विकर (एन्झाइम) मानवी शरीरात नाही. त्यामुळे कोनफळ कितीही खाल्ले तरी पोटात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि अंगाला चोळायच्या जंगली यामच्या मलमानेही होत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २३ स्त्रियांना असे मलम आणि दिसायला तसेच पण औषध नसलेले मलम प्रत्येकी ३ महिने देऊन तुलना केली होती. वाफांमध्ये, म्हणजे अंगाची अचानक लाही होण्यात, दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. कोनफळ मला मनापासून आवडते, त्याचा जांभळा रंग आणि शिजल्यावरचा मऊपणा यांसाठी मी ते खातच राहीन, परंतु संप्रेरकासाठी नव्हे.

दुसरा दावा बिटामुळे ‘रक्त वाढते’ हा. १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी असते. शिवाय पाळी थांबल्यावर दर महिन्याचा रक्तस्राव संपतो आणि स्त्रीची लोहाची गरज घटते, म्हणजे या वयासाठी हा मुद्दाच गैरलागू आहे. फोलेट या ब गटातील जीवनसत्त्वासाठी बीट चांगले आहे, तेवढेच लिहिले असते तर पुरे होते.

वाफांचे काय झाले, असे मला बहुतेक जणी विचारतात. प्रामाणिक उत्तर असे आहे की नुसत्या कंदांनी त्या थांबल्या नाहीत. आठव्या आठवड्यापर्यंत मी वाट पाहिली, मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले आणि तपासण्या करून त्यांच्या सल्ल्याने उपचार सुरू केले, तेव्हा रात्रीची झोप परत आली. या वाफा मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्राशी निगडित असतात आणि त्यांवर संप्रेरक उपचार सर्वाधिक परिणामकारक आहेत, ज्यांना ते चालत नाहीत त्यांच्यासाठी अन्य औषधेही आहेत. आहाराचा काहीच संबंध नाही असे मात्र नाही. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात चरबी कमी करून भाज्या, फळे आणि धान्ये वाढवणाऱ्या गटात, विशेषतः ज्यांचे वजन उतरले त्यांच्यात, वाफा कमी होण्याची शक्यता जास्त दिसली. त्या सगळ्या आहारात कंद हा एक भाग असू शकतो, एवढेच म्हणता येईल. पत्रकातील ‘औषधांची गरज उरत नाही’ हे वाक्य वाचून एखादी बाई वर्षभर रात्री जागून काढील, आणि माझा राग त्यासाठी आहे.

पेटीतील प्रमाणाविषयीही थोडे सांगायला हवे. रताळी, सुरण आणि कोनफळ हे पिष्टमय कंद आहेत. रोज ४०० ग्रॅम भाज्या-फळे खावीत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते तेव्हा त्यात रताळ्यासारखे पिष्टमय कंद धरलेले नसतात, म्हणून पेटी संपवली की भाजीचा हिशेब पूर्ण झाला असे समजू नये. ज्यांची साखर वाढलेली आहे त्यांनी रताळे भाजण्याऐवजी उकडून खावे, कारण भाजलेल्या रताळ्याने साखर अधिक वेगाने चढते. गाजर आणि नारिंगी रताळ्यातील कॅरोटिन अंगी लागायला थोडे तेल हवे, नुसते कच्चे गाजर चावण्यापेक्षा थोड्या तेलावर परतलेले बरे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कंदांतील पोटॅशियमबद्दल आणि मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी बिटातील ऑक्झलेटबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारूनच ही पेटी घ्यावी. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पाल्याचे प्रमाण अचानक वाढवू नये.

या सर्व आक्षेपांचे पत्र मी सेवा चालवणाऱ्यांना पाठवले. रताळ्याचे छायाचित्र त्यांनी बदलले आहे, पण प्रोजेस्टेरॉनचे वाक्य आणि औषधांविषयीचे वाक्य अजून तसेच आहे. मी पुढचे तीन महिने पेटी चालू ठेवली आहे, त्यात सुरण निम्मे करून पाल्यासह सलगम वाढवून मागितले आहे, आणि पत्रक पाठवू नये असेही कळवले आहे.