ग्रुपला कुलूप की मोकळी चर्चा?

नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या काकू कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिन. मार्च २०२५ मध्ये महालात दंगल झाली, काही भागांत संचारबंदी लागली, आणि त्यांनी विचारलं, "ग्रुप बंद करू का बाबा? उद्या पोलीस मलाच बोलावतील."

आधी कायद्याची भीती. दुसऱ्याच्या पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी दोषी ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच तसं म्हटलंय, मात्र अ‍ॅडमिनचा पोस्टमागे समान हेतू नसावा. लिहिणाऱ्याचं तसं नाही. राज्यघटनेचं कलम १९(१)(अ) बोलू देतं, १९(२) मर्यादा घालतं, आणि धर्माच्या नावाने वैर पसरवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सरकारवरची टीका मात्र वैर नव्हे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

कष्ट? कुलूप, म्हणजे फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील अशी सेटिंग, एका टिचकीत लागतं. मोकळ्या ग्रुपवर रात्री अकरालाही लक्ष ठेवावं लागतं.

पण कुलपाने काय जातं ते बघा. त्या रात्री एकीने विचारलं होतं, "मुलगा महालात क्लासला गेलाय, फोन लागत नाही, कोणी आहे का तिकडे?" सात मिनिटांत उत्तर आलं. कुलूप असतं तर?

अफवांचा पूर आला आणि डिलीट करायला कुणी जागं नसेल, तर दोन दिवस कुलूप लावा. दोघे-तिघे अ‍ॅडमिन असतील तर मोकळंच ठेवा: मत चालेल, फॉरवर्ड केलेला व्हिडिओ नाही.