गच्चीवरची ब्लूबेरी, दोन उन्हाळे काढल्यानंतर

सोलापुरात ब्लूबेरी येते का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, तुमच्याकडे पाणी कुठलं आहे? बहुतेकांना वाटतं की खरी अडचण उन्हाची. उन्हावर नेट बांधता येते, थंडी कमी पडते त्यावर जात निवडता येते. बोअरच्या पाण्यातले क्षार मात्र प्रत्येक तांब्याबरोबर कुंडीत उतरतात आणि झाड हळूहळू पिवळं पडत जातं. जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर एक बिलॉक्सी आणि एक मिस्टी जातीचं अशी ब्लूबेरीची दोन झाडं आहेत. दोन उन्हाळे काढून ती हिरवीगार आहेत आणि या वर्षी फळंही दिली, ती पाणी सांभाळल्यामुळे.

आधी जातीचं बघू. ब्लूबेरीला हिवाळ्यात विश्रांती लागते आणि ती ७ अंशांखाली गेलेल्या तासांत मोजतात. ब्लूक्रॉप, ड्यूक अशा थंड मुलखातल्या जातींना साधारण ८०० ते १००० तास लागतात. आपल्याकडे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत स्वेटर निघतात खरे, पण पारा ७ च्या खाली जाणं विरळाच. म्हणून कमी थंडीवर भागणाऱ्या ‘सदर्न हायबुश’ गटातलीच जात घ्यावी: बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्लू. बिलॉक्सी अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९८ मध्ये प्रसारित केली. पेरू देशाच्या किनारपट्टीवर जवळजवळ थंडीच नसते, तिथे या जातीच्या मोठ्या बागा उभ्या राहिल्या. नर्सरीवाल्याला जातीचं नाव सांगता येत नसेल तर झाड उचलू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या बियांच्या पुड्या तर नकोच. बियांपासून आलेलं झाड मूळ झाडासारखं निघत नाही आणि फळासाठी वर्षानुवर्षं थांबवतं.

आपली काळी माती कापसाला, ज्वारीला सोन्यासारखी, पण ब्लूबेरीला ती चालत नाही. तिचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ८ च्या आसपास आणि आत चुनखडी. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ लागतो. पीएचचा एक आकडा म्हणजे दहापट फरक, म्हणजे ८ वरून ५ वर येणं हा हजारपटीचा मामला आहे. गंधक टाकून माती आंबट करायला जावं, तर चुनखडी ते खाऊन टाकते. त्यामुळे जमिनीत लावायचा विचार सोडावा आणि मोठी कुंडी घ्यावी. माझ्या मिश्रणात निम्मं पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, आंबट असतं), बाकी धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं परलाइट (हलके पांढरे खडे) आहे. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातलं मीठ मुळांना भोवतं. या झाडाची मुळं केसांसारखी बारीक आणि वरच्या वरच पसरणारी, त्यांना ओल हवी पण साचलेलं पाणी नको.

शेजारच्या काकू प्रेमाने दर वेळी सांगतात, ‘अगं, शेणखत घाल की मूठभर, बघ कसं फोफावतंय.’ त्यांच्या मोगऱ्याकडे बघून त्यांचं खोटं म्हणवत नाही, पण ब्लूबेरीला शेणखत, राख, चुना यांतलं काहीच सोसत नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही हेच कोडं होतं. रानातली झाडं आणून चांगल्या खतावलेल्या बागेत लावली की खुरटायची. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० मध्ये दाखवून दिलं की हे झाड आम्लधर्मी मातीतच वाढतं. मग न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांच्याबरोबर काम केलं आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. खत म्हणून मी महिन्यातून एकदा अर्धा छोटा चमचा अमोनियम सल्फेट पाण्यात विरघळवून देते. या झाडाला नत्र अमोनियाच्या रूपातच मानवतं, शिवाय त्याने मिश्रण आंबट राहायला मदत होते.

आता पाणी. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तोच थर कुंडीतही साठत असतो. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच वर सरकतो, झाडाला लोह घेता येत नाही, आणि कोवळं पान पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दिसलं की लोक खत वाढवतात आणि झाड आणखी बिघडतं. मी दहा लिटरच्या बादलीत सपाट चमचाभर सायट्रिक अॅसिड टाकते, ढवळून पीएच पट्टी बुडवते आणि ५ ते ५.५ दिसलं तरच ते पाणी घालते. प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं, तेव्हा प्रमाण आपापल्या पट्टीवरच ठरवा. कुंडीतले सूक्ष्मजीव हे अॅसिड लवकर संपवतात, म्हणून दर पाण्याला हे करावं लागतं. डाळिंबवाले ठिबकच्या नळ्या साफ करायला वापरतात ते तीव्र अॅसिड घरी आणू नका, धोक्याचं आहे.

सगळ्यात उत्तम पावसाचं पाणी. पत्र्यावरून आलेलं मी पिंपात साठवते. सिमेंटच्या गच्चीवरून आलेलं चालत नाही, त्यात चुना उतरतो. उन्हाळ्यात एसीच्या नळीचं पाणी मिळतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात हा मोठा आधार आहे. आरओचं शुद्ध पाणीही चालतं, पण मशीन बाहेर टाकतं ते पाणी क्षारांनी भरलेलं असतं, ते कुंडीला कधीच नको.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की ५० टक्क्यांची शेडनेट, कुंड्या विटांवर उचललेल्या, काळ्या ग्रो बॅगला बाहेरून पांढरं कापड, आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी. पानांच्या कडा तरीही करपतात. पावसाळ्यात झाड ते भरून काढतं.

पहिल्या हिवाळ्यात आलेली फुलं मी खुडून टाकली, म्हणजे जोर फांद्यांना जातो. दुसऱ्या वर्षी डिसेंबरपासून घंटेसारखी पांढरी फुलं लागली. या फुलाचा पराग बारीक छिद्रातून निघतो, त्यासाठी फूल थरथरावं लागतं. आमच्या शेवग्यावर येणारे मोठे काळे भुंगे हे काम छान करतात. दोन जाती शेजारी असल्या की फळ मोठं धरतं, म्हणून एकच झाड घेऊ नका.

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर फळं थोडी थोडी पिकली, एकदम नाही. दोन्ही झाडांची मिळून काही वाट्या निघाली असतील. हिशेब मांडला तर विकतची डबी स्वस्त पडते, हे नक्की. पण निळं झाल्यावरही चार-पाच दिवस झाडावर ठेवलेलं फळ चाखलं, तेव्हा त्या डबीतल्या फळाला अशी चव कधीच नव्हती हे कळलं. देठापाशी लालसर असेल तर थांबा, तोडल्यावर ते गोड होत नाही. आणि फळ निळं पडायच्या आधीच बारीक जाळी टाका, कारण बुलबुल पहाटे आपल्या आधी उठतात.