कॅम्पर व्हॅनची टाकी: उन्हाळा ते दिवाळी वापरल्यानंतर

कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी घेतली. तिच्या बेड, सोलर, इन्व्हर्टर, एसी यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय, ते सोडतो. एसी चालतो, बेड करकरत नाही, विषय संपला. मला बोलायचंय ते मागच्या बेडखालच्या १२० लिटरच्या पाण्याच्या टाकीबद्दल.

लातूरकर माणूस गाडीचं ॲव्हरेज नंतर विचारतो, पाणी किती मावतं ते आधी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या गावाला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात नंबराला घागरी लावलेली माणसं आम्ही. त्यामुळे नव्या कोऱ्या गाडीतून पाणी ठिबकतंय म्हटल्यावर डोकं फिरलं. पैसे गेले ते गेले, पण पाणी?

आधी वास आला. मग बेडखालचं प्लायवूड एका कोपऱ्यात फुगलेलं दिसलं, लॅमिनेटची कड उचललेली. हिनं रात्री त्या कोपऱ्याखाली तांब्या लावून ठेवला, सकाळी काठोकाठ भरला होता. ते पाणी तिनं तुळशीला घातलं आणि तांब्या परत जागेवर.

बिल्डरला, म्हणजे व्हॅन बांधून देणाऱ्याला, फोन केला. ‘सर, ते कन्डेन्सेशन असेल.’ मे महिन्यात! लातुरात! धुतलेली पँट तासाभरात कडक होते, तिथं टाकीला दव पडणार? दव पडायला हवेत ओल लागते आणि टाकीतलं पाणी गार लागतं. आमच्या टाकीतल्या पाण्यानं दुपारी चहाचा गॅस वाचतो. व्हिडिओ पाठवला, तर ‘गाडी इकडं घेऊन या, बघून घेऊ’. इकडं म्हणजे पुण्याकडं, तीनशे किलोमीटरच्या वर. तेवढंच परत. वॉरंटी कार्डावर टाकी आणि प्लंबिंगला एक वर्ष छापलंय, डिझेलचं नाव नाही.

लय भांडल्यावर एक माणूस पाठवला. त्यानं ओल्या टाकीवरच सिलिकॉन फासलं आणि फोटो काढून गेला. पॉलिथिनला सिलिकॉन धरत नाही, हे गच्चीवर प्लास्टिकची टाकी असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आठवडाभरात ते सगळं सोलून हातात आलं.

मग स्वतःच बसलो. नळ बंद असताना पंप मधूनच टरटरत असेल तर गळती पंपाच्या पुढच्या लाईनीत असते. इथं पंप गप्प आणि पाणी मात्र उतरतंय, म्हणजे लफडं पंपाच्या अलीकडं. टाकी अर्धी ठेवली तरी ठिबक थांबेना, म्हणून वरच्या ओव्हरफ्लोवरचा संशयही फिटला. बॅटरी धरून एकेका जोडावर टिश्यू पेपर फिरवला. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या निपलच्या, म्हणजे पाईप जोडायच्या तोटीच्या, बुडाशी कागद ओला झाला. केसाएवढी चीर.

अपडेट: एवढे दिवस शिव्या टाकीला बसत होत्या, त्या आता फिटिंगवाल्याच्या नावावर. टाकी बिचारी जाड आहे, चांगली आहे. निपलला थेट कडक पाईप पिळलाय, मध्ये लवचिक होजचा तुकडा नाही, पाईपला एक क्लिप नाही. भरल्या टाकीत १२० किलो पाणी असतं. खड्ड्यात गाडी आदळली की टाकी एकीकडं, पाईप दुसरीकडं आणि सगळा ताण त्या इंचभर प्लास्टिकवर. वीस-तीस रुपयांच्या होजमध्ये काटकसर केलीय. काटकसर आम्हालाही कळते, पण ही ती नव्हे.

मध्येच नळदुर्गला जाऊन आलो. बोरी नदीवरच्या आदिलशाही बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. वरून पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. आमचं पोरगं म्हणालं, ‘पप्पा, हे बांधणाऱ्याचा नंबर मिळंल का?’

शेवटी काम केलं ते गल्लोगल्ली मोटरसायकलवर फिरणाऱ्या टाकी रिपेअरवाल्यानं. ‘मामा, गाडीतली टाकी हाय, जमंल का?’ ‘मालक, टाकी ती टाकी. गच्चीवर असू द्या नायतर गाडीत.’ टाकी रिकामी करून खडखडीत कोरडी केली. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. मग चीर खोबणीसारखी कोरून पॉलिथिनचीच कांडी गरम हवेच्या गननं वितळवून भरली. निपल आणि पाईप यांच्यात हातभर होज, दोन्हीकडं क्लॅम्प. पाचशे सांगितले, चारशेला मानला. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, तांब्या कोरडा.

आता तक्रार उरली ती लेव्हलच्या दिव्यांची. बोअरच्या जड पाण्यानं सेन्सरवर पांढरा थर बसतो आणि टाकी रिकामी होत आली तरी निम्मी दाखवतं. मी दिव्यांकडं बघत नाही, टाकीवर टिचकी मारून आवाज ऐकतो.

घेणार असाल तर डिलिव्हरीच्या दिवशी टाकी काठोकाठ भरायला लावा, खराब रस्त्यानं गाडी फिरवा, बेडखाली हात घालून बघा आणि मगच शेवटचा चेक फाडा. मी बिल्डरकडं चारशे रुपये आणि प्लायवूडचा खर्च मागितलाय. ‘बाहेरच्या माणसाचा हात लागला, आता वॉरंटी गेली,’ असं उत्तर आलं. सोललेल्या सिलिकॉनचे फोटो पाठवून विचारलंय, हा हात कुणाचा? दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही.