दुचाकीच्या इंजिनावर घरी बांधलेली बग्गी: येळवशीपासून पोळ्यापर्यंतचा अनुभव

औसा तालुक्यातील आमच्या शेतात गेल्या वेळ अमावास्येला, म्हणजे आमच्याकडच्या येळवशीच्या सणाला, भज्जी आणि आंबीलीचे जेवण आटोपल्यावर शेतात चालवायची ही चारचाकी गाडी पहिल्यांदा पाहुण्यांसमोर सुरू झाली, आणि आता पोळाही होऊन गेला आहे. मधल्या आठ-नऊ महिन्यांत तिने हरभऱ्याचे मोकळे रान, मे महिन्यातला तापलेला माळ आणि जूनचा चिखल असे तिन्ही ऋतू पाहिले. ज्या इंजिनाची मला सर्वाधिक धास्ती होती त्याने सर्वांत कमी त्रास दिला, आणि ज्या मागच्या ॲक्सलला मी साधा लोखंडी दांडा समजत होतो त्याने माझा निम्मा वेळ खाल्ला. गाडीवर आजवर झालेल्या ६८ हजार रुपयांच्या खर्चापैकी २३ हजार एकट्या ॲक्सल, बेअरिंग, हब (चाक किंवा चक्र दांड्याला जोडणारा भाग) आणि चेन यांवर गेले आहेत.

इंजिन धाकट्या भावाच्या पल्सर १५० चे आहे. त्या दुचाकीची चेसिस अपघातात वाकली होती, इंजिन मात्र धडधाकट होते. ते घरचेच असल्याने कागदपत्रांचा प्रश्न आला नाही. भंगारातून इंजिन घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडून पावती आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत, कारण इंजिनावरचा क्रमांक कोणत्या गाडीचा निघेल याचा भरवसा नसतो. साधारण चौदा अश्वशक्ती आणि पाच गिअर हे या कामासाठी पुरेसे आहे. खरे तर चौथा आणि पाचवा गिअर शेतात कधी लागतच नाही.

सांगाडा पाऊण इंची सी क्लास, म्हणजे जाड भिंतीच्या, पाइपचा आहे. या पाइपला पाऊण इंची म्हणत असले तरी ते नाव आतल्या पोकळीवरून पडलेले असून त्याचा बाहेरचा व्यास २६.९ मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर असते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी बाहा स्पर्धेसाठी ज्या गाड्या बांधतात त्यांच्या नियमांत २५.४ मिलिमीटर व्यास आणि ३ मिलिमीटर जाडीची नळी सांगितली आहे, तिच्या मापाच्या जवळ जाणारा आणि लातुरात सहज मिळणारा पाइप म्हणून मी हा निवडला. तो पाण्याच्या कामाचा पाइप आहे, त्यामुळे पोलादाच्या प्रतीची बरोबरी मी सांगणार नाही. पण ट्रॉल्या आणि नांगर बांधणाऱ्या आमच्या गावच्या वेल्डरने केलेला एकही जोड आजवर उकललेला नाही. सुमारे ३० मीटर पाइप लागला, त्याचेच वजन ५६ किलो भरले, आणि आडतीवरच्या काट्यावर पूर्ण गाडी १९६ किलो निघाली.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पहिला ॲक्सल ३० मिलिमीटरच्या ब्राइट बारचा, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळईचा होता, दोन यूसीपी २०६ बेअरिंगांवर बसवलेला. दोन्ही बेअरिंगे आतल्या बाजूला घेतल्यामुळे प्रत्येक चाक बेअरिंगपासून जवळपास २२० मिलिमीटर बाहेर लोंबत होते. तिसऱ्या आठवड्यात बांध ओलांडताना मागून खडखडाट सुरू झाला आणि घरी येऊन चाक हाताने फिरवले तेव्हा ते आठाच्या आकड्यासारखे डुलत होते. ॲक्सल वाकलाच होता, शिवाय स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) हबसाठी कापलेल्या की-वेच्या, म्हणजे हब पकडणाऱ्या पाचरीच्या खाचेच्या, कोपऱ्यातून बारीक तडाही गेला होता. दांड्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, ही शाळेत कधीतरी वाचलेली गोष्ट तेव्हा कामी आली. ३० ऐवजी ४० मिलिमीटर घेतल्यास ताकद सव्वादोन पटींहून अधिक होते, आणि चाकाचे लोंबणे ११० मिलिमीटरवर आणल्यास वाकवणारा जोर निम्मा होतो. म्हणजे दोन्ही मिळून दांड्यावरचा ताण मूळच्या सुमारे एक-पंचमांशावर येतो.

दुसरा ॲक्सल लातूरच्या एमआयडीसीतल्या लेथवर ईएन-८ पोलादातून करून घेतला आणि यूसीपी २०८ बेअरिंगे बसवली. हब थेट वेल्ड करून टाकू, असा आमच्या वेल्डरचा आग्रह होता, पण या पोलादात कार्बन सुमारे ०.४ टक्के असल्याने आधी नीट तापवल्याशिवाय केलेले वेल्डिंग कडेने तडकण्याची भीती असते, म्हणून हब की-वेवर बसवून बोल्टने आवळले. की-वेचे आतले कोपरे धारदार न ठेवता गोलसर ठेवायला सांगितले. त्यानंतर सहा महिने उलटले तरी ॲक्सल सरळ आहे.

मागची दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असल्याने वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरण्याची सोय, म्हणजे डिफरन्शिअल, या गाडीत नाही. भुसभुशीत रानात हे जाणवत नाही, उलट मागचा भाग हलकेच घसरवत वळण घेण्याची मौज येते. कठीण मुरमावर मात्र स्टिअरिंग वळवूनही गाडी काही अंतर सरळच ओढत जाते. मागच्या चाकांमधले अंतर थोडे कमी केले आणि टायरमधली हवा उतरवली, तेव्हा हा हट्ट बराच कमी झाला, पण गेला नाही.

चेनचे प्रकरण आणखी निराळे आहे. शेतातल्या ढेकळांतून बिनसस्पेन्शनची गाडी चालवली तर पाठीचे मणके दुसऱ्याच दिवशी तक्रार करतात, म्हणून ॲक्सल एका झुलत्या चौकटीवर घेऊन त्याला दुचाकीचेच शॉकॲब्सॉर्बर लावले. ही चौकट ज्या बिजागरीवर झुलते ती मी सोयीसाठी इंजिनाच्या बरीच खाली ठेवली होती. परिणाम असा झाला की मागची चाके खड्ड्यात उतरली की चेन तारेसारखी ताणली जाई आणि वर आली की ढिली पडे, आणि दर दोन-तीन फेऱ्यांना ती स्प्रॉकेटवरून उतरे. बिजागरी पुढच्या स्प्रॉकेटच्या केंद्रापासून साठ मिलिमीटरच्या आत आणल्यावर हा खेळ थांबला. जी गोष्ट प्रत्येक मोटारसायकलच्या मागच्या फोर्कमध्ये रोज डोळ्यांसमोर असते ती समजून घ्यायला मला दीड महिना लागला, हे कबूल करायला हवे.

चेन ४२८ मापाची आहे, म्हणजे दोन पिनांमधले अंतर १२.७ मिलिमीटर. सुरुवातीला तिला भरपूर ग्रीस चोपडत होतो. उन्हाळ्यात त्यावर बसलेल्या धुळीने चेनला पॉलिश पेपरसारखे घासून काढले. पाच महिन्यांनी २० कड्यांचे माप घेतले तेव्हा २५४ मिलिमीटरऐवजी २५९ भरले, म्हणजे जवळजवळ दोन टक्के वाढ, आणि चेन बदलावी लागली. आता रॉकेलने धुऊन, पातळ तेल देऊन, वरचे तेल फडक्याने पुसून टाकतो.

स्प्रॉकेट मूळचीच ठेवली आहेत, कारण चाकांनीच हिशेब बदलला. दुचाकीचा १००/९०-१७ टायर सुमारे ६१२ मिलिमीटर उंच असतो, तर मागे लावलेला मारुती ८०० चा १४५/७० आर १२ टायर सुमारे ५०८ मिलिमीटर. त्यामुळे वेग सतरा टक्के उतरला आणि ओढ वीस टक्के वाढली, जे मला हवेच होते. माळावर मोबाइलने मोजलेला सर्वाधिक वेग ताशी ४८ किलोमीटर आहे आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून तो शंभरासारखा वाटतो.

इंजिनाने त्रास दिला नाही असे म्हटले, पण मी इंजिनाला त्रास दिला. हे इंजिन वाऱ्यावर थंड होणारे आहे आणि दुचाकीवर वारा त्याला समोरून मिळतो. मी ते आसनाच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला कोंबले. एप्रिलपर्यंत चालले. मे महिन्यात पारा बेचाळिशीला टेकला तेव्हा पंधरा मिनिटांत ओढ कमी होऊ लागली, चढावर खटखट आवाज येऊ लागला आणि प्लग काढला तर पांढराफटक, म्हणजे इंजिन फार तापत असल्याची खूण. मी सगळा दोष उन्हाला दिला आणि भंगारातून मारुतीचा रेडिएटर पंखा आणून बसवला. दुचाकीच्या चार्जिंगला तो पेलवेना आणि दोन दिवसांत बॅटरी बसली. नंतर पाण्यावर थंड होणाऱ्या दुचाकीचा लहान पंखा लावला, तो पेलला, पण प्लग पांढराच राहिला. खरी चूक दुसरीच होती. जागा वाचवण्यासाठी मी मूळचा एअर फिल्टरचा डबा काढून कार्ब्युरेटरला बाजारातला शंकूसारखा उघडा फिल्टर लावला होता. त्यातून हवा जास्त जात होती, हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होत होते आणि इंजिन त्यानेही तापत होते. वर बारीक धूळ आत जाऊन तेल काळे पडत होते ते वेगळेच. मूळचा डबा परत बसवून त्याचे तोंड ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरसारखे खांद्याच्या उंचीवर आणले. आता प्लगचा रंग विटकरी आहे आणि पंखा फक्त दुपारीच लागतो.

स्टिअरिंगसाठी आधी मारुतीचा रॅक, म्हणजे चाके वळवणारा दातेरी दांडा, वापरला. मोटारीला तो योग्य असला तरी येथे पूर्ण वळणासाठी स्टिअरिंग गरागरा फिरवत बसावे लागे आणि तोवर बांध आलेला असे. तो काढून सरळ दांड्याची मांडणी केली. आता पाऊण फेरीत काम होते, पण दगडावर चाक आदळले की झटका थेट अंगठ्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, हे प्रत्येक नवख्याला आधी सांगावे लागते. ब्रेक एकच आहे, दुचाकीची पुढची डिस्क मागच्या ॲक्सलवर बसवलेली. ॲक्सल एकसंध असल्याने एका डिस्कने दोन्ही चाके थांबतात आणि या वेगाला ते पुरते.

टायरांच्या बाबतीत आमच्या मुलखाचे दोन शत्रू आहेत. पहिला वेड्या बाभळीचा काटा. पुढे लावलेल्या रिक्षाच्या ४.००-८ मापाच्या टायरांमध्ये पहिल्या महिन्यात सात पंक्चर झाली, तेव्हा ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारे द्रव भरले आणि त्यानंतर दोनच झाली. दुसरा शत्रू म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांमध्ये पुढचे चाक अडकते, आणि पहिल्या पावसानंतर ती फुगून टायरला अशी चिकटते की नक्षी बुजून चाकाचा गुळगुळीत गोळा होतो. जूनचे पहिले दोन आठवडे गाडी गोठ्यातच ठेवावी लागली. एकदा मोह आवरला नाही आणि सोयाबीनच्या कडेला रुतलो.

तेव्हा या गाडीची सर्वांत मोठी उणीव अंगावर आली: दुचाकीच्या इंजिनाला रिव्हर्स गिअर नसतो. १९६ किलोची गाडी चिखलातून मागे ढकलणे दोघांचे काम नाही, चौघांचे आहे. अण्णा बांधावर उभे राहून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "बैल बी माघारी सरतंय की, हे का सरंना?" शेवटी बैलांनीच ती काढली, आणि ही गोष्ट गावात अजून सांगितली जाते.

सुरक्षेबाबत काही गोष्टी मी पहिल्या दिवसापासून सक्तीच्या केल्या: हेल्मेट, चार पट्ट्यांचा बेल्ट, हाताशी इंजिन बंद करण्याचे बटण, आणि चेन व चालकाची पाठ यांच्यामध्ये तीन मिलिमीटरचा पत्रा. गळ्यात उपरणे किंवा गमछा घालून कोणालाही बसू देत नाही, कारण मागे फिरणाऱ्या चेनमध्ये तो गेला तर बटण दाबायलाही वेळ मिळणार नाही. बारा वर्षांचा पुतण्या यावरून आणि वयाच्या अटीवरून माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

गाडी रस्त्यावर नेता येत नाही. घरी बांधलेल्या अशा वाहनाला मंजुरी नसल्याने नोंदणी होत नाही, आणि मोटार वाहन कायदा १९८८ नुसार जेथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा ठरते, म्हणजे आपल्या शेताकडे जाणारा पाणंद रस्ताही त्यातच आला. दुसऱ्या शेतात न्यायची झाल्यास आम्ही ती ट्रॉलीत घालून नेतो.

ही गाडी तुषार संचाचे पाइप वाहण्यासाठी आहे असे मी घरात सांगितले होते. प्रत्यक्षात तिने आजवर दोनदा पाइप वाहिले. तासाला साधारण सव्वा लिटर पेट्रोल जाते आणि दर दहा तासांच्या वापरामागे दोन तास दुरुस्ती लागते. हे प्रमाण ज्याला जाचक वाटेल त्याने या वाटेला जाऊ नये. मला ते जाचक वाटत नाही, परंतु आज पुन्हा बांधायची झाली तर मी दुचाकीचे इंजिन घेणार नाही. जुन्या पेट्रोल रिक्षाच्या इंजिनाची ताकद कमी असली तरी त्याला थंड ठेवणारा स्वतःचा पंखा असतो, रिव्हर्स गिअर असतो आणि सोबत डिफरन्शिअल मिळते. म्हणजे मी नऊ महिने ज्या तीन गोष्टींशी झगडलो त्या तिन्ही तयार मिळतात. शेजारच्या गावात एकाच्या वाड्यामागे अशी रिक्षा दोन पावसाळे उभी आहे. गेल्या आठवड्यात जाऊन पाहून आलो. इंजिन हाताने फिरते, पण मालक अजून बारा हजारांखाली यायला तयार नाही.